आमच्या फ्रिजवरचं पर्थ

पर्थ मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या फ्रिजच्या दारावर. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आमच्या घरात जे काही व्हायचं असतं ते आधी फ्रिजवर लागतं. कचऱ्याचे वार, नातीचं पोहणं, दाताच्या डॉक्टरची वेळ. त्या सगळ्यावर कुरघोडी करून जानेवारीत एक मोठा तक्ता आला. चार कागद चिकटवून केलेला. खाली उतरत दिवस, आडवी आम्ही चार माणसं आणि मध्ये रंगीत चौकोन. हिरवा म्हणजे नक्की, पिवळा म्हणजे ठरायचंय, लाल म्हणजे रद्द. वर ऑस्ट्रेलियाचा छोटा नकाशा होता आणि त्याच्या डाव्या कडेला, समुद्राला टेकून, एक ठिपका. तो ठिपका म्हणजे पर्थ.

मुलगा गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काम करतो. सून कॉम्प्युटरवर काहीतरी करते, मला दोनदा सांगून झालं, मी दोनदा मान हलवली. दोघं हुशार आहेत, याबद्दल शंका नाही. पण जगातली कुठलीही गोष्ट चौकोनात बसवली की ती पार पडली असं दोघांना वाटतं. त्याला हे शीट म्हणतात. आणि हे शीटसुद्धा त्यांचं स्वतःचं नव्हतं. लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात असणारं एक जोडपं त्यांच्या ओळखीचं. ते नाताळात पर्थला जाऊन आले होते, त्यांनी दिलं. त्यांना आणखी कुणी दिलं होतं. पूर्वी बायका शेजारणीकडून विरजण मागून न्यायच्या तसं या लोकांत शीट एका घरातून दुसऱ्या घरात जातं. विरजणाचं निदान नवं दही तरी होतं. इथे कुणीतरी कधीकाळी एका जागेला साडेचार तारे दिले की पुढची सहा घरं तिथे जाऊन बरोबर साडेचार ताऱ्यांएवढीच खूश होऊन येतात.

दुपारी घरात मी एकटी असते. भाजी निवडून झाली की मी तो तक्ता वाचायची. इंग्रजी अक्षरं मी नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकले, आणि जे कळत नसे ते मुलगा जेवताना वाचून दाखवायचा. त्याला वाचून दाखवायला आवडतं.

पहिलं, टेकडीवरची बाग. तिथून नदी दिसते आणि नदीपलीकडे उंच इमारती दिसतात. सूर्य बुडताना पंचेचाळीस मिनिटं. मग एक बेट. तिथे मांजराएवढा एक प्राणी असतो, त्याचं तोंड जन्मतःच हसल्यासारखं असतं. लोक बोटीने जाऊन, जमिनीवर आडवे होऊन, त्याच्या शेजारी स्वतःचं तोंड नेऊन फोटो काढतात. लुडविग्सहाफेनच्या बाईंनी त्यांचा फोटो आम्हाला दाखवला होता. रसायनांत डॉक्टरेट केलेली बाई धुळीत पोटावर पडलेली होती. प्राण्याला काहीही वाटत नव्हतं हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

मग बंदराजवळचा जुना तुरुंग. लोक रांग लावून आत जातात, कोठडीत उभे राहतात, बाहेर येऊन तळलेला मासा आणि बटाटे खातात. ज्यांना आत डांबलं होतं त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मग तीन तास गाडीने जाऊन समुद्रात दूरवर आत गेलेला एक लाकडी धक्का. त्याच्यावरून चालत टोकाला पोचायचं. टोकाला काय आहे, असं मी एकदा विचारलं.

"टोक आहे," मुलगा म्हणाला. "खूप लांबचं आहे, आई. जगात नाव आहे त्याचं."

"आणि मग?"

"मग परत."

मग वाळूत उभे असलेले दगड. मग बीच एक, बीच दोन, बीच तीन, बीच चार.

मी समुद्राकाठची आहे. आमच्या वाडीत घरांची तोंडं समुद्राकडे नसत, खारा वारा आत येतो आणि भांडी, कपाटं, माणसं सगळं खातो म्हणून. समुद्र बघायला कुणी जात नसे. होड्या आल्या का ते बघायला जात. शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी खाडीच्या पलीकडे, आणि होडीतून मुलींना पाठवायची पद्धत नव्हती. तर माझं सगळं शिक्षण समुद्राने थांबवलेलं आहे, आणि आता मला त्याच्याच काठी चार वेळा नेऊन बसवणार होते, टॉवेल घेऊन. तेही ऑगस्टमध्ये, जेव्हा तिकडे थंडी आणि पाऊस असतो. शीट नाताळातलं होतं, तेव्हा तिकडे ऊन. मी हे म्हटलं तर सून म्हणाली, "आई, तिकडची थंडी म्हणजे आपला इथला उन्हाळाच." मुलगा म्हणाला, "गेनाऊ. आणि गर्दी पण नसेल." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. हे लोक एकमेकांना दिवसातून वीस वेळा अगदी बरोबर म्हणतात.

माझ्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'आई, आराम' असं होतं. आणि तीन आठवड्यांत दोनदा 'आत्याकडे जेवण, सात ते नऊ'.

ही आत्या म्हणजे माझी मुलगी. ती पर्थला राहते. सहा वर्षांत मी तिला फोनच्या काचेतच पाहिलेली आहे. तक्ता ज्या शहराचा होता त्या शहरात बघण्यासारखं मला एवढंच होतं, आणि ते चार तासांत उरकलेलं होतं.

इथे एक सांगायला हवं, कारण चूक माझीही आहे. इथल्या कंपन्यांत वर्षभराची रजा जानेवारीतच लिहून द्यावी लागते. नातीच्या शाळेला सुट्टी ऑगस्टमध्ये, म्हणून आम्ही ऑगस्टच्या पहिल्या तीन आठवड्यांत जाणार. ज्या दिवशी हे ठरलं त्याच दिवशी दुपारी मुलीचा फोन आला होता. तिकडे संध्याकाळ होती. ती म्हणाली, "आई, घरात कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग ऐक. आणि कुणाला सांगू नकोस. दादालासुद्धा नाही. तिसरा महिना संपू दे."

याआधी दोनदा सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि दोनदा पुन्हा सगळ्यांना फोन करून नाही म्हणून सांगावं लागलं होतं. तिचं वय अडतीस. मी बरं म्हटलं, आणि फोन ठेवून बोटांवर मोजलं. सप्टेंबरचा मध्य.

संध्याकाळी मुलगा कॅलेंडर उघडून बसला. "आई, ऑगस्टचे पहिले तीन आठवडे. तुला ठीक ना?"

एकदा वाटलं, नुसतं सप्टेंबर म्हणावं, कारण सांगू नये. पण कारण न सांगता काही मागायचं तर तोंड लागतं, आणि ते मला नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. दोन माणसांतही येत नाही. मी ठीक म्हटलं. त्याने चौकोन हिरवा केला.

मार्चमध्ये मुलीने सगळ्यांना सांगितलं. मुलगा खरंच आनंदला. उठून फ्रिजपाशी गेला आणि म्हणाला, "अरे वा, म्हणजे ऑगस्टमध्ये आठवा असेल. बरोबर भेटतोय आपण." जणू मुलीने त्याचं शीट बघूनच दिवस घेतले होते. पुढच्या आठवड्यात नवा कागद लागला. त्यात होतं: 'डोहाळजेवण, नव्वद मिनिटं. नंतर बीच तीन.'

मी एवढंच म्हटलं, "ती एकटी आहे रे. जावई दोन आठवडे खाणीवर असतो, एक आठवडा घरी. तिला सासू नाही."

"आई, तिकडची सिस्टीम फार चांगली आहे. नर्स घरी येऊन बघून जाते."

"नर्स जेवायला घालते का?"

"जेवण ऑर्डर करता येतं. आणि तू मागे राहिलीस तर एकटी परत कशी येणार? मध्ये विमान बदलावं लागतं."

तो वाईट नाही. पण त्याला वाटतं की आई म्हणजे एक सामान आहे, आणि सामान दुसऱ्या विमानात चढवायला माणूस लागतो.

खरं कारण कुणीच बोलत नव्हतं. ते मला रोज दुपारी बारा वाजता कळायचं. नातीची शाळा बाराला सुटते. शाळेनंतर मुलांना सांभाळतात त्या जागेला इथे होर्ट म्हणतात. तिथे आमचा नंबर वेटिंग लिस्टवर आहे असं मी इथे आल्यापासून ऐकते. नंबर कुठला. मी आहे ना. मी वरण-भात लावते, नात येते, मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, दोघी जेवतो. शाळा पुन्हा सुरू होणार सप्टेंबरच्या मध्यावर. मुलीचे दिवस भरणार तेही सप्टेंबरच्या मध्यावर. एवढं गणित चौथी शिकलेलीलाही येतं.

मे महिन्यात मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "दादा म्हणत होता तुम्ही तीन आठवडे आहात."

"हो."

"बरं. काही हरकत नाही."

मग ती म्हणाली, "आई, डिंकाचे लाडू किती दिवस टिकतात? म्हणजे मीच आधी करून डब्यात भरून ठेवते. अळीव मिळालं मला इथल्या दुकानात. डिंक कशात तळायचा, तेवढं सांग."

तुपात, मी सांगितलं. मंद आचेवर, थोडा थोडा, फुलला की काढायचा. किती खारीक, किती गूळ, ते सांगितलं. ती लिहून घेत होती. पेनचा आवाज येत होता. स्वतःच्या बाळंतपणाचे लाडू स्वतःच करून ठेवणारी बाई मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही, आणि ती माझीच मुलगी होती. फोन ठेवल्यावर मी फ्रिजसमोर जाऊन उभी राहिले. तिथे टेकडी होती, बेट होतं, तुरुंग होता, दगड होते. टोक होतं. मला त्या कागदाची इतकी किळस आली की त्याच्यावर थुंकावं असं वाटलं. मी थुंकले नाही. आपल्यालाच पुसावं लागतं.

बोलता येत नाही हे तर ठरलेलंच. पण या घरात बोलून काही होतही नाही. जे तक्त्यावर आहे तेच होतं. मी नातीच्या कप्प्यातून पट्टी, पेन आणि एक कोरा कागद घेतला. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत एअरपोर्ट लिहिलेलं होतं. त्याच्याखाली कोरा कागद चिकटपट्टीने जोडला आणि फ्रिजच्या दारावरच पट्टी धरून ओळी आखल्या. दिवस लिहिले, ऑगस्टच्या उरलेल्या दिवसांपासून खाली, ऑक्टोबर संपेपर्यंत. ओळी थोड्या तिरक्या गेल्या. त्यांचे तीन रकाने मी मोकळे ठेवले. माझा भरला. पहिल्या ओळीत 'मुलीकडे'. पुढे 'लाडू करणे'. पुढे 'दुपटी शिवणे', दोन दिवस. त्याच्यापुढे 'वाट बघणे', 'वाट बघणे', 'वाट बघणे', सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. मग 'बाळ'. मग 'मालिश, अंघोळ, खिचडी', 'मालिश, अंघोळ, खिचडी', कागद संपेपर्यंत. रंग काही दिला नाही.

तो कागद तक्त्याच्या खाली लोंबत होता, आणि चार दिवस कुणाच्याही लक्षात आला नाही. जो तो येतो, आपला रकाना बघतो आणि दूध काढतो. एवढी बारीक नजर असलेली माणसं. गिअरबॉक्समधला केसाएवढा फरक यांना दिसतो.

रविवारी लुडविग्सहाफेनचं जोडपं जेवायला आलं. बाहेर टीव्हीवर त्यांचे पर्थचे फोटो लावले होते आणि पुरुष वाहन भाड्याने कुठून घ्यावं यावर बोलत होते. मी पुऱ्या तळत होते. बाई ताक न्यायला आत आल्या. फ्रिजचं दार उघडायला गेल्या आणि थांबल्या.

"काकू, हे कुणाचं अक्षर?"

मी पुरी उलटली.

त्या मोठ्याने वाचायला लागल्या. "'वाट बघणे. वाट बघणे. वाट बघणे.' अहो, इकडे या जरा. आपल्या शीटला कुणीतरी शेपूट लावलंय."

त्यांचे यजमान हातात ताट घेऊन आले. "आपल्या शीटमध्ये बीच चारनंतर एअरपोर्ट होतं. ही खिचडी कुठली?"

मग मुलगा आला, मागून सून. मुलाने खाली वाकून वाचलं. तो वाचताना ओठ हलवतो, चौथीपासूनची सवय.

"आई, हे काय आहे?"

"लिहिलंय तिथे," मी म्हटलं.

"अहो आई, पण तेव्हा शाळा सुरू होतेय," सून म्हणाली. "दुपारचं तिचं..." आणि पाहुणे समोर उभे आहेत हे तिच्या लक्षात आलं. तिने ओट्यावरचं भांडं उचललं आणि परत तिथेच ठेवलं.

बाई वाकून नीट बघत होत्या. ज्या बाईला मी इतके महिने मनातल्या मनात त्या प्राण्याशेजारी झोपवून ठेवलं होतं, त्या बाई माझ्या मुलाला म्हणाल्या, "काय रे, बहिणीचं बाळंतपण आहे आणि आईला आधीच परत आणतोयस? आणि मला विचारतोस बेटावर सायकली मिळतात का म्हणून."

"तसं नाही," मुलगा म्हणाला. "आल्झो, म्हणजे, तारीख आम्हाला मार्चमध्ये कळली. रजा जानेवारीतच लिहून दिलेली."

"मला जानेवारीतच कळली होती," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेलात पुरी लाल होत होती.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तिसरा महिना संपला नव्हता."

सुनेच्या वेळी त्यांनीही चौथा लागेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा. बाईंचे यजमान हसले. "घ्या. हे कुठल्या रंगात टाकणार आता?"

"तुम्ही ताट घेऊन बाहेर जा हो," बाई त्यांना म्हणाल्या. "पुरी जळतेय काकूंची."

पाहुणे चारला गेले. सून नातीच्या शाळेच्या ओळखीच्या एका आईशी फोनवर जर्मनमध्ये बोलत होती. दुपारी दोन दिवस ती ठेवून घेईल, दोन दिवस घरून काम करता येईल, उरलेला एक दिवस बघू, असं तिने फोन ठेवून मुलाला सांगितलं. म्हणजे पाच दुपारी पंधरा मिनिटांत सुटल्या. माझ्याशी ती बोलली नाही, पण रागानेही बघितलं नाही. फार दमलेली दिसत होती. दमलेल्या माणसाचा मला राग येत नाही. मला राग येतो तो न बघणाऱ्या माणसाचा.

मुलगा लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला. मला समोर बसवलं.

"जाताना आमच्याबरोबरच. परत येताना विमानतळावर तुझ्यासाठी माणूस सांगतो, तो व्हीलचेअर घेऊन येईल."

"मला चालता येतं."

"माहीत आहे. पण बसलीस की तो सगळीकडून बरोबर नेतो. सगळ्यांच्या आया तसंच करतात."

"बरं."

"आणि इतके दिवस तिकडे तू करणार काय? लिहिलंयस ते ठीक आहे. पण दुपारी मोकळी असशील. टेकडीवरची बाग बसने करता येते. बघण्यासारखी आहे खरंच."

"बघू," मी म्हटलं. मुलगा माझाच आहे, बघू म्हणजे काय ते त्याला कळतं. त्याने पुढे नेलं नाही.

"आता परतीची तारीख सांग."

"बाळ झाल्यावर सव्वा महिना."

"हो, पण तारीख."

"बाळ कधी होणार ते मला काय माहीत?"

"ड्यू डेट धरू आपण. अधिक सव्वा महिना म्हणजे... सव्वा महिना म्हणजे नक्की किती दिवस धरतात?"

"आधी झालं तर? उशिरा झालं तर? पहिलं आहे, या वयातलं आहे."

"आई, इथे तारीख टाकल्याशिवाय पुढे जात नाही." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, जणू मला दिसलं की मी हट्ट सोडीन. तिथे एक चौकोन होता आणि त्यात एक रेघ उघडझाप करत होती.

"मग परतीचं काढू नकोस," मी म्हटलं. "जायचं तेवढं काढ."

एका बाजूचं तिकीट काढणारा माणूस त्याच्या ओळखीत कुणी नसावा. मग त्याने काढलं. त्याला मनातून ते अजिबात आवडलं नाही, हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं, पण काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर नवा तक्ता होता. माझ्या सगळ्या ओळी त्यात नीट टाइप केलेल्या, इंग्रजी अक्षरांत. 'Waat baghane' असं सतरा वेळा. सगळ्यांत खाली, माझ्या परतीच्या जागी, नुसता पिवळा चौकोन.

मी दुपारी मुलीला फोन केला आणि डिंक तळू नकोस म्हणून सांगितलं.